कठीण काळात देवापुढे खरे कसे बोलावे

आपल्या मराठी ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये प्रार्थनेची एक घडीव भाषा आहे. 'हे दयाळू, कनवाळू स्वर्गीय पित्या, आजच्या या दिवसाबद्दल आम्ही तुझे उपकार मानतो' अशा शब्दांनी सुरू होणारी ही भाषा आपण संडे स्कूलमध्ये, घरच्या संध्याकाळच्या उपासनेत आणि थोरामोठ्यांच्या तोंडून ऐकत ऐकत शिकलो, आणि सुखाच्या दिवसांत तिने आपल्याला चांगली साथ दिली. पंचाईत होते ती संकटात. चाकणच्या कारखान्यातली कंत्राटी नोकरी गेलेली असते, किंवा ससूनच्या आवारात रात्रभर बसून आत असलेल्या वडिलांची बातमी यायची असते, किंवा ठरलेले लग्न मोडलेले असते. मनात राग, भीती आणि 'हे माझ्याच वाट्याला का' हा प्रश्न असतो, आणि ओठांवर मात्र 'प्रभू, तुझी इच्छा पूर्ण होवो' हेच येते. अशी प्रार्थना आपण चार-आठ दिवस रेटतो आणि मग ती हळूहळू बंद पडते, कारण जे मनात आहे त्याला तिच्यात जागाच नसते. पुष्कळांना हा आपला विश्वास आटल्याचा पुरावा वाटतो. माझ्या मते बहुतेक वेळा विश्वास शाबूत असतो आणि थकलेली असते ती शोभेचे बोलण्याची सवय.

पंचहौदच्या चर्चमध्ये प्रार्थनापुस्तकातून उपासना करणारे असोत, सिटी चर्चमध्ये मिस्सेला जाणारे असोत की भाड्याच्या सभागृहात टाळ्या वाजवून स्तुती करणारे असोत, एकांतातल्या प्रार्थनेत सर्वांची अडचण सारखीच असते. म्हणून पुढे जे सांगितले आहे ते पवित्र शास्त्राच्या आधाराने आणि रोजच्या आचरणात आणता येईल अशा रीतीने सांगितले आहे.

जागा आणि भाषा

प्रार्थना करताना आपल्या खोलीत जावे, दार लावून घ्यावे आणि गुप्तवासी पित्याशी बोलावे, असे प्रभू येशूने सांगितले (मत्तय ६:६). पुण्यात दोन खोल्यांत पाच माणसे राहत असताना हे दार कोठून आणायचे हा प्रश्न खराच आहे, आणि तो आधी सोडवावा. कारण पडद्यापलीकडे सासूबाई जाग्या आहेत हे ठाऊक असताना कोणीही मनातले बोलत नाही. इमारतीची गच्ची, पहाटेची तळजाई, एम्प्रेस गार्डनमधला एखादा बाक, कामावरून परतताना पीएमपीच्या बसमध्ये मिळालेली खिडकीजवळची जागा, यांपैकी काहीही चालते. आवाज काढता येत नसेल तर ओठ हलवणे पुरे आहे. शिलो येथे हन्नाने असेच केले. तिचे ओठ हलत होते, आवाज ऐकू येत नव्हता, आणि एली याजकाने ती मद्य प्यालेली आहे असे समजून तिची कानउघाडणी केली. मी मद्य प्यालेले नाही, परमेश्वरापुढे आपले मन मोकळे करीत आहे, असे तिने त्याला उत्तर दिले (१ शमुवेल १:१५). खऱ्या प्रार्थनेविषयी याजकाचाही गैरसमज होऊ शकतो, हे या गोष्टीत जाता जाता कळते.

भाषा घरची असावी. पुण्यातल्या अनेक ख्रिस्ती कुटुंबांची मुळे अहिल्यानगर, जालना, सोलापूर या भागांत आहेत आणि घरात बोलली जाणारी मराठी ही व्यासपीठावरच्या मराठीपेक्षा वेगळी असते. ज्या बोलीत आपण आईशी भांडतो त्याच बोलीत देवाशी बोलावे. पुण्याहून सोलापूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील केडगाव येथे पंडिता रमाबाईंनी (१८५८–१९२२) मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांतून बायबलचे मराठी भाषांतर केले, तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर मुक्ती मिशन या त्यांच्या आश्रमात आलेल्या, जेमतेम अक्षरओळख झालेल्या मुली आणि बायका होत्या, आणि त्यांना कळेल अशी साधी मराठी वापरण्याचा त्यांचा आग्रह होता. त्यांनी स्वतः तरुणपणी दुष्काळात आईवडील गमावले होते, लग्नानंतर दोन वर्षांच्या आत पती गमावले होते, आणि भाषांतराचे काम अखेरीस येत असताना १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा हिलाही गमावले. दुःखी माणसाला देवाचे शब्द सोप्या भाषेत मिळावेत म्हणून त्यांनी इतके श्रम घेतले असतील, तर त्या माणसाने देवाला बोलायचे शब्द भारदस्त असण्याचे काही कारण उरत नाही.

कुरकुर आणि विलाप

देवाकडे तक्रार करणे पाप आहे अशी पुष्कळांची धारणा आहे, आणि तिच्या समर्थनासाठी रानातल्या इस्राएल लोकांचा दाखला दिला जातो. तो दाखला ज्या अध्यायात येतो तो अध्याय पूर्ण वाचावा. गणना ११ मध्ये लोक कुरकुर करतात आणि तबेरा येथे परमेश्वराचा अग्नी छावणीच्या कडेला पेटतो. त्यानंतर ते मांसासाठी आपापल्या तंबूच्या दारात रडत बसतात. याच अध्यायात मोशेही तक्रार करतो, आणि त्याची तक्रार लोकांच्या तक्रारीहून सौम्य मुळीच नाही. या सर्व लोकांचा भार तू माझ्यावर का टाकलास, यांना मी जन्म दिला आहे काय, तू मला असेच वागवणार असशील तर मला एकदाचा मारून टाक, असे तो सरळ म्हणतो (११:११-१५). त्याला शिक्षा होत नाही. भार वाटून घेण्यासाठी सत्तर वडीलजन मिळतात. लोक देवाविषयी आपापसांत बोलत होते आणि मोशे देवाशी बोलत होता, हा दोन्ही तक्रारींतला फरक आहे.

यातून अगदी सोपी कृती निघते. देवाविषयी जे वाक्य आपण नवऱ्याजवळ, मैत्रिणीजवळ किंवा रात्री स्वतःशी बोलतो, तेच वाक्य देवाकडे तोंड वळवून बोलावे. 'देवाला आमचे काही पडलेले नाही' हे वाक्य मग 'प्रभू, तुला आमचे काही पडलेले नाही असे मला वाटते' असे होते. पहिल्यांदा असे बोलताना जीभ अडखळते आणि आपण काही तरी भयंकर केले असे वाटते. तसे वाटल्यास स्तोत्र १३ उघडावे. 'हे परमेश्वरा, तू कोठवर मला विसरणार?' असे त्याची सुरुवातच विचारते, आणि 'कोठवर' हा प्रश्न पहिल्या दोन वचनांत चार वेळा येतो. स्तोत्रसंहितेच्या १५० स्तोत्रांपैकी साधारण एक तृतीयांश स्तोत्रे अशा विलापाची आहेत, आणि ती कोणी लपूनछपून म्हणत नव्हते. ती मंदिराच्या उपासनेत होती.

मराठी माणसाला हे परके वाटण्याचेही कारण नाही. देहूच्या तुकोबांनी विठ्ठलाशी उघड भांडण मांडले आणि त्यांना कोणी अभक्त म्हटले नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) तर आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताच्या पायाशी आलो असे सांगत. असा वारसा असताना चर्चमध्ये शिरताना आपण हा मोकळेपणा का टाकून देतो, याचे मला नवल वाटते.

तपशील सांगावा

देवाला सर्व ठाऊक आहे, मग सांगायचे कशाला, असे विचारले जाते. तुमच्या गरजा तुम्ही मागण्यापूर्वीच पित्याला ठाऊक आहेत, असे प्रभूने स्वतः सांगितले (मत्तय ६:८), आणि त्याच दमात शिष्यांना रोजची भाकर मागायला शिकवले. देवाच्या माहितीत भर घालण्यासाठी आपण तपशील देत नाही. तो देताना आपल्याला नेमके काय सलते आहे ते आपल्याच तोंडून बाहेर पडते, आणि पुष्कळदा ते आपल्यालाही तोवर ठाऊक नसते.

'प्रभू, आमच्या कुटुंबाच्या अडचणी तू जाणतोस' या वाक्यात एकही अडचण नाही. 'प्रभू, घराचे दोन हप्ते थकले आहेत, बँकेचा माणूस उद्या पुन्हा फोन करील, आणि मी हे बायकोला अजून सांगितलेले नाही' या वाक्यात तीन आहेत, आणि त्यांतली तिसरी सर्वांत जड आहे, कारण लपवलेली तीच आहे. स्तोत्रकर्ते असेच बोलतात. रडून रडून माझे अंथरूण भिजले आहे (६:६), ओळखीची माणसे मला रस्त्यात पाहून दूर पळतात (३१:११), माझ्या घरी जेवलेल्या जिवलग मित्राने माझ्यावर लाथ उगारली आहे (४१:९), असे ते सांगतात. पैसे, शरीर, झोप, नातेवाइकांचे टोमणे, शेजाऱ्यांच्या नजरा, वकिलाची तारीख, हे सर्व प्रार्थनेत येऊ द्यावे. लाज वाटते तेही सांगावे, आणि लाज वाटते हेही सांगावे.

ज्यांना बोलताना हुंदका आवरत नाही किंवा मन भरकटते त्यांनी लिहावे. विलापगीताच्या पाच अध्यायांपैकी पहिले चार हिब्रू वर्णमालेच्या बावीस अक्षरांच्या क्रमाने रचलेले आहेत. यरुशलेम उद्ध्वस्त झाल्यानंतरचा आकांत त्या कवीने अक्षरांच्या शिस्तीत बसवला, आणि तिसऱ्या अध्यायात तर प्रत्येक अक्षराला तीन-तीन ओळी देऊन तो ६६ वचनांपर्यंत नेला. आपल्याला इतकी कारागिरी नको. वहीचे एक पान ठरवावे, वर तारीख घालावी, आणि पान भरले की थांबावे. दुःखाला काठ असला की ते मांडताना बुडण्याची भीती कमी होते. मात्र वही कुलपात ठेवावी. कोणाच्या तरी हाती पडेल या धास्तीने लिहिलेले पान पुन्हा शोभेचेच होते.

रागाविषयी

राग देवावर असो वा माणसांवर, तो प्रार्थनेत आणण्याची आपल्याला सर्वांत जास्त भीती वाटते. यिर्मया संदेष्ट्याने परमेश्वराला, तू मला भुरळ घातलीस आणि मी भुललो, अशा शब्दांत जाब विचारला आणि त्याच अध्यायात पुढे आपल्या जन्मदिवसाला शाप दिला (यिर्मया २०:७, १४). दोष नसताना सर्व काही गमावलेल्या ईयोबाने तर देवाला वादासाठीच बोलावले. त्या ग्रंथाचा शेवट आपण घाईने वाचतो, म्हणून त्यातले एक वाक्य नजरेतून सुटते: ईयोबाच्या मित्रांनी देवाची बाजू इतक्या हिरिरीने मांडलेली असूनही, माझा सेवक ईयोब जसे यथार्थ बोलला तसे तुम्ही माझ्याविषयी बोलला नाहीत, असे परमेश्वर त्या मित्रांना सुनावतो (ईयोब ४२:७). ईयोबाला देवाने वादळातून कठोर प्रश्न विचारले, हेही खरे आहे. जो देवाशी मोकळेपणाने बोलतो त्याने देवाच्या उत्तरासाठीही तयार असावे, आणि ते उत्तर नेहमी गोड असेल असे नाही.

माणसांवरचा राग वेगळ्या रीतीने हाताळावा लागतो. भावाने गावच्या जमिनीचा वाटा हडप केला, साहेबाने दुसऱ्याची चूक आपल्या माथी मारली, नात्यातल्या कोणी मुलीची बदनामी केली, अशा वेळी मनात येणारे विचार ख्रिस्ती माणसाला न शोभणारे असतात आणि म्हणून तो ते गिळतो. स्तोत्र १०९ आणि १३७ यांतले शाप वाचून आपण अवघडतो. परंतु ते शाप देवाला ऐकवलेले आहेत, आणि सूड उगवण्याचे काम ते देवावर सोपवतात, हे लक्षात घ्यावे. म्हणून त्या माणसाचे नाव घ्यावे, त्याने काय केले ते सांगावे, त्याचे काय व्हावे असे आपल्याला या क्षणी वाटते तेही सांगावे, आणि मग न्याय करणे तुझ्याकडे आहे असे म्हणून थांबावे. क्षमा करण्याची प्रभूची आज्ञा यामुळे रद्द होत नाही. पण काय क्षमा करायचे आहे हे ज्याने कधी उच्चारलेच नाही, त्याची क्षमा बहुधा तोंडदेखली राहते. ही प्रार्थना मात्र काटेकोरपणे एकांतातच करावी. प्रार्थनासभेत दहा जणांसमोर 'प्रभू, अमुक बहिणीचे मन बदल' असे म्हणणे ही चहाडी आहे, आणि डोळे मिटून केली म्हणून ती प्रार्थना होत नाही.

मागणे आधी, समर्पण नंतर

गेथशेमाने बागेतली प्रार्थना आपण सर्वांनी ऐकलेली आहे, परंतु तिचा क्रम आपण पाळत नाही. प्रभू येशूने प्रथम आपल्या तीन शिष्यांना आपला जीव मरणाइतका खिन्न झाला आहे असे सांगितले, म्हणजे माणसांपासून ते लपवले नाही. मग भूमीवर पडून 'अब्बा, बापा, तुला सर्व काही शक्य आहे; हा प्याला माझ्यापासून दूर कर' असे मागितले. त्यानंतरच 'तरी माझ्या इच्छेप्रमाणे नको, तर तुझ्या इच्छेप्रमाणे होऊ दे' हे शब्द आले (मार्क १४:३४-३६). आपण पहिला भाग गाळून थेट दुसऱ्या भागावर येतो, आणि त्याला समर्पण म्हणतो. जे मागितलेच नाही ते अर्पण कसे करणार? पुष्कळदा आपल्या 'तुझी इच्छा'मागे मागून न मिळाल्यास होणारी निराशा टाळण्याची खबरदारी असते.

म्हणून जे हवे आहे ते आधी स्पष्ट मागावे. गाठ कर्करोगाची निघू नये, मुलाने दारू सोडावी, सोडून गेलेली बायको परत यावी, मालकाने या महिन्यात खोली खाली करायला सांगू नये. मागणे मोठे आहे की क्षुल्लक याची चिकित्सा आपण करू नये. एकदा मागून झाले की पुन्हा मागणे हा अविश्वास आहे, असेही काही ठिकाणी शिकवले जाते. प्रभूने त्या रात्री दुसऱ्यांदा जाऊन तेच शब्द पुन्हा उच्चारले, आणि तिसऱ्यांदाही तेच केल्याचे मत्तय सांगतो (२६:४४). पौलाने शरीरातल्या काट्यासाठी तीन वेळा विनंती केली, काटा गेला नाही, आणि 'माझी कृपा तुला पुरे आहे' हे उत्तर मिळाले (२ करिंथ १२:७-९). हे उत्तर पौलाला देवाकडून मिळाले, ही गोष्ट महत्त्वाची आहे. ते आपण दुसऱ्याच्या दुःखावर परस्पर चिकटवू नये.

समर्पणाचे वाक्य जेव्हा खरे असेल तेव्हाच म्हणावे. ते अजून खरे नसेल तर त्या अलीकडचे एखादे खरे वाक्य शोधावे. 'तुझी इच्छा मान्य आहे' असे म्हणवत नसेल तर 'ती मान्य करण्याची इच्छा मला व्हावी' असे म्हणता येते, आणि तेही जड वाटत असेल तर 'आज मला ती मान्य नाही' एवढे सांगता येते. आजारी मुलाच्या बापाने प्रभूला 'माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका' असे सांगितले (मार्क ९:२४), आणि त्या अर्ध्यामुर्ध्या विश्वासावर प्रभूने त्याच्या मुलाला बरे केले.

रुग्णालयात बसलेल्या एखाद्याची प्रार्थना उदाहरणादाखल अशी असू शकेल:

'प्रभू, आज अकरावा दिवस आहे आणि बाबा अजून डोळे उघडत नाहीत. मी दमलो आहे. कालपासून मला तुझा राग आला आहे, कारण आईच्या वेळीही मी असाच बसलो होतो. तू ऐकत असशील, पण मला तसे जाणवत नाही. बाबांना बरे कर. मला हेच हवे आहे, दुसरे काही मागता येत नाही. बिलाची भीती वाटते, आणि या वेळीही पैशांचा विचार येतो याची लाज वाटते. तुझ्या इच्छेविषयी आज मला बोलता येणार नाही. सकाळी डॉक्टर येतील तेव्हा मला नीट ऐकून घेता येऊ दे आणि ताईशी भांडण होऊ देऊ नकोस. येशूच्या नावाने, आमेन.'

ही पाठ करू नये. तिच्यातले प्रत्येक वाक्य कोणत्या प्रकारचे आहे ते पाहून आपले वाक्य घालावे.

पापाविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण संकट आले की आपल्यातले काही जण दोष शोधू लागतात. जे केले आहे आणि जे मनाला टोचते आहे ते नाव घेऊन कबूल करावे. स्तोत्र ५१ त्यासाठी आहे, आणि कॅथलिक बंधुभगिनींना फादरांपुढे पापनिवेदनाची वाट आहे. पण संकटाचे कारण सापडावे म्हणून नसलेले पाप उकरून काढू नये. जन्मांध माणूस पाहून पाप याचे की याच्या आईबापांचे, असे शिष्यांनी विचारले, तेव्हा प्रभूने दोन्ही नाकारले (योहान ९:३).

शब्द सुचत नाहीत तेव्हा

असे दिवस येतातच. आपण काय मागावे हे आपल्याला कळत नाही तेव्हा आत्मा स्वतः शब्दांत न मावणाऱ्या कण्हण्याने आपल्यासाठी विनंती करतो, असे पौल लिहितो (रोम ८:२६). या वचनाचा व्यवहारातला अर्थ असा की नुसते बसून राहिलेले, उसासे टाकलेले, रडलेले प्रार्थनेत जमा होते. त्यापलीकडे काही हवे असेल तर शब्द उसने घ्यावेत. फसवले गेल्याचे दुःख असेल तर स्तोत्र ५५, खोल निराशा असेल तर ४२ किंवा १३०, दुष्टांचे चांगले चाललेले पाहून जळफळाट होत असेल तर ७३, झोप लागत नसेल तर ७७ हळू आवाजात वाचावे आणि जे वचन आपले वाटेल तेथे थांबावे. वधस्तंभावर प्रभूनेही शब्द उसनेच घेतले. 'माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?' ही स्तोत्र २२ ची सुरुवात आहे.

स्तोत्र ८८ चा उल्लेख वेगळा करतो. बहुतेक विलापस्तोत्रे शेवटी कोठे तरी स्तुतीकडे वळतात. हे वळत नाही, ते अंधारातच संपते. पवित्र शास्त्रात ते तसेच ठेवलेले आहे, आणि त्यामुळे प्रत्येक प्रार्थना आभाराने संपवलीच पाहिजे हा आपला नियम शास्त्राचा नाही, सवयीचा आहे. आभार मानण्यासारखे त्या दिवशी काही सापडले तर मानावेत. सापडले नाही तर 'आमेन' म्हणून उठावे.

एकीकडे शरीराकडे दुर्लक्ष करू नये. एलीया संदेष्टा रतामाच्या झुडपाखाली बसून मरण मागू लागला, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचे भांडे त्याच्या उशाशी ठेवले, त्याला पुन्हा झोपू दिले, आणि पुन्हा खायला उठवले (१ राजे १९:४-८). संकटात असलेल्या आणि आधीच जेवण तुटलेल्या माणसाला उपवास-प्रार्थनेचा आग्रह करणे मला म्हणूनच अयोग्य वाटते. आठवडेच्या आठवडे झोप नसेल, कशातच मन लागत नसेल, जगू नये असे विचार येत असतील, तर प्रार्थनेबरोबर डॉक्टरांकडे जावे. केंद्र सरकारच्या टेलिमानस सेवेत १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही बोलता येते. घरात मारहाण होत असेल तर सहन करत राहणे म्हणजे वधस्तंभ उचलणे, असे कोणी सांगितल्यास ऐकू नये. महिलांसाठी १८१ आणि तातडीच्या मदतीसाठी ११२ हे क्रमांक आहेत, आणि ते फिरवल्याने प्रार्थनेचा अपमान होत नाही.

दुसऱ्या माणसाबरोबर

एकांतात खरे बोलण्याची थोडी सवय झाली की एखादा माणूस सोबतीला घ्यावा. प्रार्थनाविनंती म्हणून 'घरगुती अडचण' एवढेच सांगण्याची आपली रीत आहे, आणि मोठ्या सभेत ती योग्यही आहे. सर्वांना सर्व सांगण्याची गरज नाही. पण पाळक, एखादी सिस्टर, मंडळीतले एखादे वडीलधारे जोडपे किंवा जुनी मैत्रीण, यांपैकी एकाला पूर्ण गोष्ट ठाऊक असावी. निवड करताना एक कसोटी लावावी: हा माणूस दुसऱ्यांच्या प्रार्थनाविनंत्या आपल्याला सांगतो काय? सांगत असेल तर आपलीही सांगेल. मंडळीच्या व्हॉट्सॲप गटावर कोणाच्याही आजाराचा तपशील किंवा रिपोर्टचा फोटो त्या माणसाला विचारल्याशिवाय टाकू नये, हे तर आता नियम म्हणूनच पाळले पाहिजे.

ज्याच्याकडे कोणी मन मोकळे करते त्यालाही काही शिकावे लागते. ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले (ईयोब २:१३), आणि पुढे त्यांनी जे जे बोलले त्यापेक्षा हे बसणे चांगले होते. दफनविधी करून आलेल्या घरात 'देवाची काही तरी योजना असेल' असे म्हणू नये. लाजराच्या मृत्यूनंतर मार्था आणि मरीया दोघींनीही, आपण येथे असता तर आमचा भाऊ मेला नसता, असे प्रभूला तोंडावर सुनावले (योहान ११:२१, ३२). त्याने त्यांना गप्प केले नाही, आणि काही क्षणांनी तो स्वतः रडला. सोबत करणाऱ्याने प्रार्थना करायची असेल तर दुःखी माणसाने वापरलेलेच शब्द वापरावेत, त्यांना वळण देऊन सजवू नयेत, आणि शक्यतो छोटी करावी. डबा घेऊन जाणे, मुलांना शाळेत सोडणे, रुग्णालयात एक रात्र बसणे, ही कामे त्या प्रार्थनेनंतर लगेच ठरवावीत.

काही महिन्यांनी परिस्थिती बदलते. कधी मागितलेले मिळते, कधी त्याच्या अलीकडचे काही मिळते, कधी काहीच मिळत नाही आणि माणूस त्या न मिळण्यासह जगायला लागतो. त्या वेळीही खरेपणा सोडू नये. नोकरी लागली पण पगार पूर्वीपेक्षा कमी आहे, तर आभार मानताना तेही सांगावे. ज्याच्यासाठी प्रार्थना केली तो गेला, तर देवाने त्याला कायमचे बरे केले असे घाईने म्हणून आपली तक्रार मिटवू नये. ती वहीत आहे तशी राहू द्यावी आणि गरज वाटेल तेव्हा पुन्हा काढावी. रविवारी साक्ष देण्यासाठी उभे राहण्याची वेळ आली तर उत्तर मिळाल्याचा दिवसच तेवढा सांगून बसू नये. ज्या महिन्यांत काही जाणवत नव्हते, ज्या रात्री देवाचा राग आला होता, तेही सांगावे. पाळकांनी पाच मिनिटे दिली असतील तर त्यांतली तीन त्या महिन्यांना द्यावीत.